दुखण्याचा हप्ता

दिवाळीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या वाड्यात भाजणीचा वास, पणत्यांची मोजदाद आणि पत्रांचा ढीग. गेल्या वर्षी त्या ढिगात आईच्या आरोग्यविम्याचे पत्र होते. पत्र मोठे गोड होते. आईला दीर्घायुष्य चिंतिले होते, आम्हां सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या होत्या आणि शेवटच्या ओळीत पुढल्या वर्षीचा हप्ता कळविला होता. चार वर्षांपूर्वी एकोणीस हजार होता, तो चौतीस हजारांच्या पुढे गेला होता. या चार वर्षांत आईने विम्यातून एक रुपयादेखील मागितलेला नव्हता. तिने केलेला अपराध एवढाच की ती चार वर्षांनी म्हातारी झाली होती.

मी ते पत्र हातात धरून ओट्यावर बसले होते, तोच शेजारचे काका आले. त्यांचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, ते स्वतः हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. मी आकडा सांगितल्यावर त्यांनी घरातून एक पावती आणून दाखविली. राज्य कामगार विमा योजनेची. निवृत्त कामगार आणि त्याची पत्नी या दोघांच्या वर्षभराच्या औषधोपचाराची वर्गणी रुपये १२०. "बाई, पहा बरं," ते म्हणाले, "तुमचा विमा मोठा का माहा?"

थट्टा होती, पण ती मला लागली. १२० आणि ३४,०००. दोन्ही कागदांवर शब्द एकच, विमा. मी शाळेत इतिहास शिकविते. एका शब्दाचे दोन अर्थ दिसले की त्यांच्या मध्ये कधीतरी, कुठेतरी भांडण झालेले असते, एवढे या धंद्याने शिकविले आहे. हे भांडण पुष्कळसे आमच्या नागपुरातच झाले, आणि ते अजून मिटलेले नाही. भांडणाचा विषय अगदी साधा आहे: माणूस आजारी पडला तर त्याचा खर्च त्याने सोसायचा, त्याला राबविणाऱ्याने सोसायचा, की सरकारने?

सुरुवात करावी लागते ती जुम्मा तलावापासून. जमशेटजी टाटांनी तलावालगतची दलदलीची जमीन घेतली आणि तिच्यात भराव टाकायला सुरुवात केली, तेव्हा गावातल्या एका सावकाराने त्यांना पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस सोने मातीत घालतो आहे, असे त्याचे म्हणणे. पुढे त्यानेच कबूल केले की, याने माती घातली आणि सोने काढले. आख्यायिका प्रसिद्ध आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, म्हणजे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे दिल्लीत जाहीर झाले त्याच दिवशी, ही गिरणी सुरू झाली आणि म्हणून तिचे नाव एम्प्रेस पडले. कारभार बेझनजी मेहतांकडे होता. ते रेल्वेच्या नोकरीतून आलेले. सुताचे त्यांना काही कळत नव्हते, माणसांचे मात्र फार कळत होते. बेझनबागेतून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते नाव कोणाचे हे ठाऊक असेल, कोण जाणे.

त्या गिरणीपुढचे पहिले संकट यंत्रांचे नव्हते, गैरहजेरीचे होते. कामावर यायचे की नाही हे माणूस रोज सकाळी ठरवी. पेरणीला, कापणीला, लग्नाला, तापाला तो खुशाल घरी बसे. मालकांनी दंड करून पाहण्यापेक्षा दुसरी युक्ती काढली. नेमाने येणाऱ्यांना बक्षिसे दिली, बक्षीससमारंभ थाटाने केले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड काढला. १८९५ पासून अपघात झालेल्यांना भरपाई देणे सुरू केले. आपल्या देशात यासंबंधीचा कायदा १९२३ साली झाला. म्हणजे कायद्याच्या २८ वर्षे आधी नागपूरच्या एका गिरणीत यंत्रात हात गेलेल्या कामगाराला काहीतरी मिळत होते.

याबद्दल टाटांची थोरवी गाणारे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते खोटे नाही. परंतु त्या थोरवीच्या पोटात एक गोष्ट लपलेली आहे. मिळत होते ते देणगी म्हणून. देणारा थोर असला तर मिळे; शेजारच्या गिरणीचा मालक थोर नसला तर तिथल्या कामगाराला ब्रिटिश सरकारही विचारीत नसे आणि देवही. शिवाय अपघात डोळ्यांना दिसतो. हात तुटला, बोट गेले, साक्षीदार असतात. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाते, दमट खात्यात बारा बारा तास उभे राहून खोकला हाडीमाशी खिळतो, त्याला साक्षीदार कोण? १९२३ च्या कायद्याने अपघाताची आणि मोजक्या धंदेवाईक रोगांची जबाबदारी मालकावर टाकली. साध्या दुखण्याला हात लावला नाही. साधे दुखणे आले की मजुरी बुडे. मजुरी बुडाली की सावकार. गावात दवाखाने नव्हते असे नाही. मेयो होते, सीताबर्डीवर मिशनचे म्यूर मेमोरियल होते, बायकांसाठी डागा होते. पण औषध फुकट मिळाले तरी घरची चूल औषधावर पेटत नाही, ही गोष्ट ज्याच्या घरात आजारी माणूस असतो त्यालाच कळते.

पहिले खरे भांडण बाळंतिणींवरून झाले. १९२८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात भत्ता द्यावा असे विधेयक आले. विरोधकांचे म्हणणे होते की हा बोजा मालकांनी का उचलावा? त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. पण त्यांनी जे कबूल केले ते मला फार मोलाचे वाटते. ते म्हणाले की, लोकांच्या कल्याणाची काळजी घेणे हे मुळात सरकारचे काम आहे आणि म्हणून या खर्चाचा मोठा भाग खरोखर सरकारनेच सोसला पाहिजे. मात्र सरकार तो सोसत नाही म्हणून मालक मोकळा होत नाही. स्त्रीला कामावर ठेवण्यात त्याचा काही फायदा आहे म्हणूनच तो तिला ठेवतो, आणि फायदा घेणाऱ्याने थोडा भार उचललाच पाहिजे. किती सरळ मांडणी! देणगीची भाषा तिच्यात कुठेच नाही.

१९२९ साली मुंबईत कायदा झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १९३० मध्ये, आमच्या मध्यप्रांतानेही तसाच केला. पण दोन्हीकडे पैसे द्यायचे मालकाने, एकट्याने. सरकारचा वाटा शून्य. त्याचा परिणाम काय झाला तो सांगण्यासारखा आहे. बाई दोन जिवांची आहे असे दिसू लागताच तिला कामावरून कमी करण्याची मालकांना सवय लागली. निदान तशी तक्रार पुढच्या चौकशी समित्यांपुढे पुनःपुन्हा आली. जिच्यासाठी कायदा केला तिचीच नोकरी कायद्याने धोक्यात आणली. एकट्याच्या खांद्यावर ओझे दिले की तो खांदा काढून घेतो. हा धडा महाग पडला, आणि किंमत मोजली ती बायकांनी.

यावर उपाय जगात माहीत नव्हता असे नाही. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ सालीच आजारपणाचा विमा सक्तीचा केला होता. त्यात दोन वाटे कामगाराचे आणि एक वाटा मालकाचा होता. बिस्मार्क काही संत नव्हता. कामगारांनी समाजवाद्यांच्या नादी लागू नये एवढाच त्याचा मतलब. इंग्लंडात लॉइड जॉर्जने १९११ मध्ये त्यात तिसरा वाटेकरी आणला. कामगाराचे आठवड्याला चार पेन्स, मालकाचे तीन आणि सरकारचे दोन. चार पेन्स द्या आणि नऊ पेन्स घ्या, अशी त्याची घोषणा होती. आपल्याकडच्या भिशीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच की भिशीत नंबर चिठ्ठीने लागतो आणि इथे दुखण्याने. शिवाय भिशीत जो मालक आणि जे सरकार कधी बसत नाहीत त्यांना या भिशीत सक्तीने बसविलेले. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने १९२७ साली असा विमा सगळ्या देशांनी करावा असे ठरविले. १९३१ मध्ये व्हिटले कमिशनने हिंदुस्थानातही त्या दिशेने पावले टाकावीत असे लिहिले. हिंदुस्थान सरकारने विचार केला. दहाबारा वर्षे विचारच केला. पैसा नाही, आकडेवारी नाही, डॉक्टर नाहीत, प्रांतांची तयारी नाही.

मग १९४२ साल उजाडले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये नागपुरात दलितांची मोठी अखिल भारतीय परिषद भरली होती, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. आंबेडकरांची नेमणूक झाल्याची वार्ता त्याच दिवसांतली. परिषदेला जोडून स्त्रियांचीही परिषद झाली. बाबासाहेब दिल्लीला गेले ते मजूरमंत्री म्हणून. १९२८ साली मुंबईच्या सभागृहात जे तत्त्व बोलून दाखविले होते, त्याला आकार देण्याची जागा चौदा वर्षांनी त्यांच्याकडे चालून आली.

१९४३ च्या मार्चमध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. त्याच सुमारास इंग्लंडात बेव्हरिजसाहेबांचा अहवाल गाजत होता. म्हणून आडारकरांना पुढे "छोटे बेव्हरिज" असे कौतुकाने म्हणत. त्यांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. कापड, यंत्रकाम आणि खनिज-धातू एवढ्या तीन उद्योगांपुरती योजना. ती वाढत, बदलत, समित्यांच्या चाळणीतून जात स्वराज्यात आली आणि १९४८ च्या एप्रिलमध्ये तिचा कायदा झाला.

कायदा झाला म्हणून दवाखाना उघडला असे नव्हे. प्रथम कानपूर आणि दिल्ली ही दोनच शहरे घ्यायची ठरली. लगेच कानपूरचे मालक म्हणू लागले की, वर्गणी आम्हीच भरायची आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी भरायची नाही, तर आमचे कापड बाजारात महाग होईल. म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. म्हणून १९५१ साली कायदा बदलून असे केले की, जिथे योजना सुरू झाली नाही तिथल्या मालकांनीही पगाराच्या पाऊण टक्का द्यावा आणि जिथे सुरू झाली तिथल्यांनी सव्वा टक्का. केंद्र सरकारने कारभाराच्या खर्चाचा दोनतृतीयांश भाग पहिली पाच वर्षे सोसला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंनी कानपूरला सत्तर हजारांच्या सभेत योजनेचे उद्घाटन केले आणि स्वतः पहिले मानद विमेदार म्हणून नाव नोंदविले. त्यांचा तो भरलेला अर्ज महामंडळाने जपून ठेवलेला आहे.

नागपुरात योजना आली १९५४ च्या जुलैमध्ये. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. मुंबईत ती आली ऑक्टोबरमध्ये. म्हणजे आजच्या महाराष्ट्रात हा मान आधी नागपूरच्या कामगाराला मिळाला. आम्हां नागपूरकरांना मुंबईच्या आधी काही मिळाले अशा गोष्टी फार थोड्या आहेत, तेव्हा ही जरा ठासून सांगते.

काकांच्या वडिलांना पहिल्या पगारात कपात झाली तेव्हा राग आला होता म्हणे. "धडधाकट माणसाकडून दुखण्याचे पैसे कापतात," असे ते म्हणत. पुढे एका पावसाळ्यात विषमज्वराने ते महिनाभर पडले. औषध मिळाले आणि पगाराचा काही भागही घरी आला. त्यानंतर त्यांनी ती तक्रार पुन्हा केली नाही, अशी काकांची आठवण. पगार घरी येणे हीच या योजनेची खरी किमया होती. आजही मंजूर आजारपणात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. खाजगी विमा रुग्णालयाचे बिल भरतो, किराणा भरीत नाही.

सरकारी योजनेचे गुण गाते आहे म्हणून तिच्या रांगा मला माहीत नाहीत असे कोणी समजू नये. विमा दवाखान्यातली गर्दी, "औषध बाहेरून आणा" ही चिठ्ठी, दुपारी बंद झालेली खिडकी, यांबद्दल कामगारांच्या तीन पिढ्यांनी बोटे मोडली आहेत. सुरुवातीला तर उपचार फक्त कामगारालाच मिळत. बायकामुलांचा विचार १९५८ पासून पुढे होऊ लागला. तरीही तिच्या मुळाशी जो हिशेब आहे तो शहाणपणाचा आहे. वर्गणी पगारावर बसते, दुखण्यावर नाही आणि वयावरही नाही. १ जुलै २०१९ पासून मालकाने पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराने पाऊण टक्का द्यायचा आहे. २१,००० रुपये मिळविणाऱ्याचे महिन्याला १५७ रुपये ५० पैसे जातात आणि मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे. औषधोपचाराच्या ठरावीक खर्चाचा आठवा हिस्सा राज्य सरकार उचलते. तो कामगार पंचविशीतला असो की सत्तावन्न वर्षांचा, मधुमेही असो की पैलवान, आकडा तोच. आज जो पंचवीस वर्षांचा आहे तो सत्तावन्न वर्षांच्याचे भरतो. उद्या त्याचे दुसरा भरील. हा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण हिशेबाची जात बदललेली नाही.

या घराला एक भिंत मात्र पहिल्यापासून आहे, ती म्हणजे पगाराची मर्यादा. १९४८ साली ती महिना ४०० रुपये होती. महागाईच्या मागे धावत धावत ती १९९७ मध्ये ६,५००, २०१० मध्ये १५,००० आणि २०१७ मध्ये २१,००० झाली. भिंतीच्या आत असलेल्याला सगळे. बाहेर पाऊल पडले की काही नाही. दोनशे रुपयांची पगारवाढ मिळाली म्हणून कपाळाला हात लावणारी माणसे मी पाहिली आहेत.

आणि पगारच गेला तर? एम्प्रेस मिलचे पुढे काय झाले हे नागपुरात कोणाला सांगायला नको. १९८६ साली ती टाटांच्या हातून सुटली आणि राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. २००२ मध्ये कायमची बंद झाली. ज्या जागेवर भोंगा वाजे तिथे आता मोठे बाजारसंकुल उभे आहे. पगारावर उभारलेला विमा पगाराबरोबरच पडतो. वय पुरे होऊन निवृत्त झालेल्याला, पाच वर्षे विमेदार राहिलेला असला तर, काकांसारखी १२० रुपयांची पावती मिळते. ऐन चाळिशीत ज्याच्या गिरणीला कुलूप लागले तो रिक्षा ओढू लागला किंवा कॉटन मार्केटात हमाली करू लागला, त्याची नोंद कुठल्याच वहीत उरली नाही. आडारकरांनी योजना आखली तेव्हा गिरण्या वाढत जातील आणि सारा देश हळूहळू पगारदार होईल असेच सगळे धरून चालले होते. ती अटकळ चुकली.

आता योगायोग पहा. ज्या १९८६ साली एम्प्रेस टाटांकडून गेली, त्याच वर्षी सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम नावाची पॉलिसी बाजारात आणली. एक दार मिटत होते, दुसरे उघडत होते. नव्या दारात मालकही नव्हता आणि सरकारही नव्हते. होते ते फक्त तुम्ही आणि कंपनी. भिशीतले दोन मोठे भिडू उठून गेले. आणि मुख्य म्हणजे हप्ता पगारावरून सुटून वयावर जाऊन बसला. कंपनीचा त्यात दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. सक्ती नसली की तरुण माणूस विमा घेत नाही, दुखरा माणूस धावत येतो, आणि कंपनीला दुखऱ्यांच्याच पैशातून दुखऱ्यांचे भागवावे लागते. त्यात औषधे आणि रुग्णालये महाग होत जाणार. सर्वसाधारण महागाई चार पावले टाकते तेव्हा रुग्णालयाची महागाई दहा टाकते. साठीनंतर, म्हणजे मिळकत थांबते नेमक्या त्या दिवशी, हप्ता उड्या मारू लागतो. आईच्या पत्राचा उलगडा मला इथे झाला. राग मात्र गेला नाही.

सरकार अगदीच उठून गेले असेही म्हणता येत नाही. ते मागच्या दाराने येत-जात राहिले. त्याच सुमारास प्राप्तिकरात या हप्त्यासाठी वजावट दिली. हेही अनुदानच, फक्त त्याला अनुदान म्हणत नाहीत. रेशनच्या गव्हाला अनुदान म्हणतात आणि साहेबाच्या कर-सवलतीला प्रोत्साहन म्हणतात, एवढाच भेद. ज्याला करच भरावा लागत नाही त्या गरिबाला ही सवलत नाही, आणि नव्या करपद्धतीत तर ती कोणालाच नाही. दुसऱ्या हाताने सरकार घेतही होते. १९९४ च्या जुलैमध्ये देशात सेवाकर आला तेव्हा पहिल्या तीन सेवांत सर्वसाधारण विमा होता; कर पाच टक्के. वाढत वाढत २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराच्या रूपाने तो अठरा टक्के झाला. २०२३-२४ या एका वर्षात आरोग्यविम्याच्या हप्त्यांवर ८,२०० कोटींहून अधिक कर जमा झाला. लोकांनी दुखण्यासाठी बाजूला काढून ठेवलेल्या पैशावरचा हा कर!

याविरुद्धचा आवाज पुन्हा नागपुरातूनच उठला, याचे मला बरे वाटते. आयुर्विमा महामंडळाच्या नागपूर विभागातील कर्मचारी संघटनेने आपले खासदार नितीन गडकरी यांना निवेदन दिले. गडकरींनी २०२४ च्या जुलैअखेर अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले, त्याचा आशय असा की, विम्यावर कर म्हणजे आयुष्याच्या अनिश्चिततेवर कर. केंद्रातल्या एका मंत्र्याने दुसऱ्या मंत्र्यांच्या कराला असे पत्र लिहावे, यावर दिल्लीत बरीच चर्चा झाली. सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात परिषदेने निर्णय केला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा कर उठला. १०० रुपयांच्या हप्त्याचे ११८ द्यावे लागत, ते १०० झाले. परंतु कंपन्यांना आपल्या खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळत असे, तीही त्याबरोबर गेली. तो बोजा मूळ हप्त्यात शिरेल की काय, ही शंका तेव्हाच निघाली होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत विमा नियामकाने आणखी एक अडसर घातला: साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोला. आईच्या बाबतीत हे सगळे आले ते हप्ता उडी मारून झाल्यावर.

राहिली ती सरकारने सगळाच हप्ता भरण्याची गोष्ट. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ च्या जुलैमध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते, नागपूर नव्हते. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी ती साऱ्या राज्यात लागू झाली, त्याचा समारंभ मात्र सोनिया गांधींच्या हस्ते नागपुरात झाला. सरकार एका कुटुंबामागे विमा कंपनीला वर्षाला ३३३ रुपये देई आणि कुटुंबाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळत. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव दिले. २०२० मध्ये हप्ता ७९७ रुपये झाला. म्हणजे माझाच हप्ता वाढतो असे नाही. सरकारचाही वाढतो, आणि मी चरफडते तसे सरकारला चरफडता येत नाही. २०२३ साली ही योजना पिवळ्या-केशरी कार्डांपुरती न ठेवता राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत खुली करण्याचा निर्णय झाला. यादीतली शस्त्रक्रिया आणि यादीतले रुग्णालय ही अट आहेच. आईचा रक्तदाब आणि गुडघे यादीत कुठे बसतात ते शोधण्यात माझी एक सबंध मे महिन्याची सुटी गेली.

इथे वाद असा निघतो की, सरकारने हा पैसा विम्याच्या हप्त्यात घालावा की सरळ मेडिकलमध्ये घालावा? आमचे मेडिकल १९४७ सालचे. साऱ्या विदर्भाचा, छत्तीसगडचा आणि तेलंगणाच्या टोकाचा रुग्ण तिथे येतो आणि व्हरांड्यात सतरंजी टाकून नातेवाईक राहतात. हप्त्याचा पैसा खाजगी रुग्णालयांकडेही जातो, तिथे खोली चांगली असते हे खरे. पण सरकारी खाट रिकामी ठेवली तर ती दुसऱ्या गरिबाच्या उपयोगी पडते, भरलेला हप्ता वर्ष संपले की संपतो. माझे मत सांगायचे तर दवाखाना आधी, हप्ता नंतर. पण हे मत मांडताना मला नेहमी अडखळायला होते. कारण ज्याच्या घरात आज रात्री माणूस कळवळतो आहे, त्याला पुढच्या पाच वर्षांत बांधायच्या इमारतीचा नकाशा दाखवून काय उपयोग?

आपणच असे चाचपडतो आहोत असेही नाही. अमेरिकेत सरकार लोकांच्या विम्याच्या हप्त्याला अनुदान देते. त्यातल्या वाढीव अनुदानाची मुदत २०२५ अखेर संपत होती, ती वाढवावी की नाही या भांडणात १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस तिथले सरकारी कामकाज ठप्प झाले. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा मुलगा तिकडे असतो. तो दर रविवारी फोनवर हवापाण्याऐवजी हप्त्याबद्दल बोलू लागला होता. एवढ्या श्रीमंत देशाला जे सुटले नाही ते आपल्याला सुटलेले नाही यात लाज वाटायचे कारण नाही. पण आपण एकदा अर्धे सोडविले होते आणि मग विसरलो, याची मात्र वाटावी.

काकांचा नातू मिहानमध्ये एका कंपनीत लागला. पगार मर्यादेच्या वर, म्हणून आजोबा-पणजोबांचा विमा त्याला नाही. कंपनीचा सामूहिक विमा आहे, नोकरी आहे तोपर्यंत. भाऊबीजेला तो घरी आला तेव्हा काकांनी त्याला ती १२० रुपयांची पावती दाखविली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "आबा, पण हे इतकं स्वस्त कसं परवडतं त्यांना?"

काका म्हणाले, "अरे, तीस वर्षं माह्या पगारातून कापत होते की. मालकाकडूनही घेत होते." मग थोडे थांबून माझ्याकडे पाहत म्हणाले, "बाई, तुमच्या आईचं कोण भरत होतं?"

आई आयुष्यभर शिवणकाम करीत आली. तिला मालक नव्हता. मी अनारशांची बशी पुढे केली.